दमाचा गोळा

दादा, तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लाल पेनाने लिहिलेलं 'संदर्भ?' अजून तसंच आहे. बुधवारी मी ते लिहिलं आणि शनिवारी सकाळी तू पडवीत चहाचा कप हातात घेऊन बसल्याबसल्या गेलास. पुढे जी कामं करायची असतात ती मी केली. यादी केली आणि एकेक काम खोडत गेले. कोणाला फोन करायचा, खुर्च्या कोणाकडून आणायच्या, विहारात भंतेजींना निरोप, तुझ्या औषधांचा डबा रिकामा करणं, वहिनीला वेळेवर दोन घास खायला लावणं. परवा जलदान विधी झाला. यादीतलं सगळं खोडून झालं, तुझी वही तेवढी राहिली होती.

हे मी तुलाच लिहिते आहे, पण छापलं जाईल ते त्या वहीच्या सुरुवातीला. म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही लिहाव्या लागतील. कंटाळू नकोस. मी टाइप करत असताना तू मागे उभा राहून घाई करायचास, तशी आता करता येणार नाही.

तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तू लाखनीला परत आलास. तुझ्याबरोबरच्यांनी दुकानं टाकली, पहारेकऱ्याच्या नोकऱ्या धरल्या. तू एकच विषय धरलास: काँक्रीट फोडणारे तोफगोळे. महायुद्धांत माणसांनी जाडजूड काँक्रीटचे किल्ले आणि बंकर बांधले, मग ते फोडण्यासाठी खास गोळे बनवले, त्या गोळ्यांचा हा अभ्यास. हायवेवरून ट्रक गेला की आपल्या खिडक्या थरथरतात, आणि तू त्या खिडकीशी बसून बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरांच्या मागे गोळ्यांची चित्रं काढायचास. वहिनी म्हणायची, "याहिले दुसरं कायी दिसतच नाही. वांगं चिरलं तरी म्हनते, नाक कुठं अन् बूड कुठं."

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका. माझं काम रजिस्टरांचं: किती मुलं, किती वजन, कोण आलं, कोण नाही आलं, काहून नाही आलं. तुझी वही टाइप करायला मी हो म्हटलं ते एका अटीवर. प्रत्येक वाक्यासमोर ते कुठून घेतलं ते लिहायचं. तू कुरकुरत लिहिलंस. कुठल्या भाषांतरित पुस्तकातून, कुठल्या प्रशिक्षणाच्या टिपणांतून, कुठल्या जुन्या सोबत्याच्या पत्रातून. माझ्या रजिस्टरांइतकी स्वच्छ झाली होती ती वही, दादा. ते मी तुला कधी म्हटलं नाही. चुका काढण्यात वेळ गेला.

सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. साधा गोळा भिंतीवर आदळला की तिथेच फुटतो, वरचे टवके उडतात, आतल्याला फारसं काही होत नाही. काँक्रीट फोडणाऱ्या गोळ्याचं नाक भरीव पोलादाचं, आणि त्याला फोडणारा फ्यूज नाकात नाही, मागे बुडात. तो आधी भिंतीत शिरतो, क्षणभर थांबतो आणि मग फुटतो. त्या क्षणभराच्या थांबण्याला तुम्ही फौजेत इंग्रजीच शब्द वापरायचात. मी म्हटलं, 'विलंब' लिही. तू म्हणालास, "नंदे, विलंब गाडीले होते. गोळा दम धरते." मी म्हटलं, पुस्तकात अशी बोली नको. तू म्हणालास, "तू भाताले विलंब देते का दम देते?"

तीन रविवार हेच चाललं. शेवटी मी 'दम' टाइप केलं आणि समासात लिहिलं, 'लेखकाच्या आग्रहावरून.' तू तो शेरा वाचून खूश झालास. मला तो टोमणा म्हणून लिहायचा होता.

आणि त्याच शब्दाने मला सिहोऱ्याला तोंडघशी पाडलं. तिथे माझं सासर, तिथल्या वाचनालयात तुझं भाषण मीच ठरवलं होतं. यादीप्रमाणे सगळं झालं: वेळ, सतरंजी, माइक. फलकावर काय लिहायचं तेही मीच फोनवरून सांगितलं, तुझ्याच वहीतून, शब्दाला शब्द: 'दमाच्या गोळ्यांवर माहिती. वेळ दुपारी चार.' आपण पोहोचलो तर सतरंजीवर म्हातारी माणसं. कोणाच्या हातात जुनी चिठ्ठी, कोणाच्या हातात फवाऱ्याची रिकामी डबी, आणि अर्धी सतरंजी खोकत होती. मला दोन मिनिटं काही कळेना. गोळा आणि गोळी, दम आणि दमा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजिस्टरातली काना-मात्रा सुधारणारी मी.

पुढेच बसलेल्या कौसाबाईने तुला विचारलं, "डाक्टर कवा येते?"

"डाक्टर नाही माय, मी हवालदार आहो."

"हवालदार गोळ्या वाटते? सरकारनं आता हेही काम पोलिसाइलेच लावलं का?"

"पोलीस नाही, फौजेतला."

"असन. मले सकाळच्या किती अन् संध्याकाळच्या किती तेवढं सांग, मंग मी जातो. म्हसरं यायची वेळ झाली."

मी माफी मागून सगळ्यांना परत पाठवणार होते. तू माझा हात मागे ओढलास. "थांब नंदे. आले हायेत तं बसू दे." आणि तू त्यांना सांगायला लागलास. खडूने फळ्यावर भिंत काढलीस, गोळा काढलास. त्यांना महायुद्ध ठाऊक नव्हतं, पोलाद आणि लोखंडातला फरक ठाऊक नव्हता. तू विचारलंस, "भात शिजला की झाकन लगेच काढता का?"

"काढू कायले?" कौसाबाई म्हणाली. "दमावर राहू देतो."

"बस. हा गोळा तसाच. भितीत शिरला की लगेच फुटत नाही. दमावर राह्यते."

सगळ्यांना कळलं. माझा 'विलंब' तिथे कोणाला कळला नसता, हे मी आज लिहून देते. तू रंगात आलास. जर्मनांनी बनवलेला लांब, बारीक, शेपटीला पंख असलेला गोळा काढलास. किती खोल शिरायचा ते सांगितलंस आणि तरी तो फारसा वापरला का नाही तेही: एखादा न फुटलेला गोळा शत्रूला सापडला तर तो नक्कल करील, या भीतीने. असा न फुटलेला गोळा म्हणजे आंधळा गोळा, हेही सांगितलंस. म्हातारे माना हलवत होते. तेवढ्यात कौसाबाईने खडू धरलेल्या तुझ्या हाताकडे बोट केलं.

"अन् आत मानूस राह्यते का?"

"कुठं, माय?"

"भितीच्या मांगं. कवाचा भित-भित करून राहिला तू. भितीमांगं कोनी राह्यते का नाही?"

तू फळ्याकडे बघत उभा राहिलास. मग म्हणालास, "राह्यते."

"मंग त्याचं सांग ना. भितीचं काय ऐकाचं?"

तू सांगितलं नाहीस. पाणी प्यायलास, 'जयभीम, रामराम' म्हणालास आणि भाषण संपवलंस. परत येताना तुमसरपर्यंत गाडीत स्वतःहून एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, फलकाच्या चुकीवरून रागावलास. म्हणून मी रस्ताभर माफी मागत राहिले, आणि तू "अवं नाही" एवढंच म्हणत राहिलास.

पुढच्या रविवारी तू शेवटचं पान दिलंस. मथळा होता, 'अन् आत माणूस राहते का?' पान तुझ्याच शब्दांत इथे देते, कारण सगळं भांडण त्याचंच आहे.

'भिंत फुटल्याचा आवाज आणि गोळा फुटल्याचा आवाज यांच्यामध्ये दम असतो. पुस्तकं म्हणतात, पापणी लवायच्या आत तो संपतो. आत बसलेल्याला तसं वाटत नाही. त्याला भिंतीतून आलेलं नाक दिसतं. त्याला धुळीची चव लागते. त्याला आपलं नाव आठवत नाही. एखादा गोळा आंधळा निघतो. मग दम संपतच नाही. आतला माणूस काही वेळ बसून राहतो आणि मग धावतो. जो पहिला धावतो तो मागे बघत नाही. बाहेर उजेड असतो. त्या उजेडात त्याला कळतं की आपण एकटेच बाहेर आहोत.'

मी हे पान तीनदा वाचलं आणि लाल पेन काढलं. बाकी सगळ्या पानांवर संदर्भ होते, यावर एकही नव्हता. बुधवारी मी वही घेऊन आले तेव्हा आपण पडवीत बसलो होतो. मी म्हटलं, "दादा, हे पान काढ. याला पुरावा काय?"

तू म्हणालास, "मीच."

मला वाटलं, लेखक म्हणून ऐट दाखवतो आहेस. मी म्हटलं, "मीच, हा संदर्भ नसतो. आणि लोक म्हणतील, आयुष्यभर गोळे शिकला आणि शेवटी पळणाऱ्याची बाजू घेऊन राहिला."

"नंदे, तू पोराचं वजन करतेस तवा काटा खरा का पोरगं खरं?"

"काटा," मी म्हटलं.

तू हसलास. खूप वेळ हसलास. आणि म्हणालास, "मंग लिही तुह्या लाल पेनानं काय लिहाचं ते. मी पाहातो."

मला तुझा राग येतो, दादा. हे मी रडत लिहीत नाही. एक वाक्य जास्त बोलायचं होतंस. 'तो माणूस मी होतो.' एवढे शब्द टाइप करायला मला काही क्षण लागले असते. तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. ज्या बाईचं पोट प्रश्न विचारण्यावर चालतं तिने एका भावाला एक प्रश्न विचारला नाही.

परवा विधी झाल्यावर माजी सैनिकांच्या समितीचे सुभेदार साहेब आले. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. तुझ्या अंत्यविधीला ते भर उन्हात सरळ उभे होते. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वही समिती छापील असं त्यांनीच आधी कबूल केलं होतं. तर परवा ते पडवीत बसून म्हणाले, "ताई, वही एकदम फस्क्लास आहे. पण दोन दुरुस्त्या हायेत. 'दम' काढून 'विलंबित विस्फोट' करा, शोभते. आणि ते शेवटचं पान काढा. हवालदाराच्या मानवंदनेच्या पुस्तकात 'धावला' शब्द नको."

दादा, त्यांनी जे मागितलं ते शब्दाला शब्द मी तुझ्याकडे आधीच मागितलं होतं.

पडवीच्या टोकाला आसगावचे रामाजी बसले होते. पांढरं धोतर, गुडघ्यावर टोपी. सकाळपासून आलेले, विधीला मागे बसलेले, जेवले नव्हते. तुझ्याच तोफेवरचे आणि आता धान लावणारे, एवढंच मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "कोन्तं पान हो?"

सुभेदार साहेबांनी वाचून दाखवलं. रामाजींनी ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर लिवलं त्यानं. फक्त एक खोटं लिवलं."

मी विचारलं, "काय?"

"एकटा नव्हता. त्याच्या मांगं मीच होतो ना ताई. आमी तिघं होतो त्या बंकरात, तोफेच्या बाजूले. तिकडून गोळा आला, भित फोडून आत घुसला अन् निजला. हात लांब केला तं लागला असता एवढा. फुटलाच नाही. खास काँक्रीटचा होता का साधाच दमावर लावला होता, देव जाने. तेच तं शोधत राहिला हा जिंदगीभर."

सुभेदार साहेब म्हणाले, "म्हणजे हवालदार पळाला होता?"

"मंग काय गोळ्याची आरती करावी? तो दारात बसला होता, मी मधात, तिसरा भितीले. दार केवढं, तं एक मानूस आडवा जाईन एवढं. तो दारात गोठून बसला असता तं आमी दोघं त्याच्या पाठीले धडका मारत राह्यलो असतो. तो उठला, धावला, दार मोकळं झालं. मी निंगालो, तिसरा निंगाला. त्यानं मांगं पाह्यलं नाही, म्हनून त्याले दिसलं नाही."

मी म्हटलं, "पण गोळा आंधळा होता. कोणी मेलं नसतंच."

"हे आज पडवीत बसून म्हनतो आपन, ताई. तवा गोळ्यानं सांगतलं नव्हतं."

"तुम्ही हे दादाला कधी सांगितलं नाही?"

"हजार खेपा सांगतलं. दर वर्षी धान कापला की येत होतो मी. आयकते कोन? म्हने, रामाजी, तू मले बरं वाटावं म्हनून बोलतं."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हनून." एवढंच. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "स्लॅबची खोली बांधली, तिच्यात हे एक दिवस निजले नाही. उन्हाळा म्हना, हिवाळा म्हना, कवेलूच्या छपराखाली, पडवीतच. मी म्हनो, गरम होते म्हनून."

मीही तसंच म्हणायचे. घर बांधलं तेव्हा स्लॅबच्या खोलीत कुठली खाट कुठे, याचा नकाशा मी काढला होता. तुझी खाट तिथे कधीच गेली नाही आणि मी वहिनीला म्हटलं होतं, "याला शिस्त नाही." हे वाक्य मी परत घेते. आयुष्यात मी फार वाक्यं परत घेतलेली नाहीत.

सुभेदार साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "ताई, मला मनातून पटते. तोफा सुरू झाल्या की मी बी भेलो आहो. पण समितीच्या नावानं हे छापता येत नाही. नव्या पोरांच्या हातात जाईल."

मी उठले आणि त्यांच्या हातातून वही घेतली. म्हटलं, "मग समितीचं नाव काढा. पान राहील."

"जरा विचार करा. दोन दिवस घ्या."

"दोन दिवसांत मी दुसरी कामं करीन. याचा विचार झाला."

ते रागावून गेले नाहीत. तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, सलाम केला आणि गेले. जेवले मात्र नाहीत, आणि ते मला लागलं. रामाजींना मी बसवून वाढलं. त्यांनी भात दोनदा घेतला.

काल मी वही हायवेवरच्या डीटीपीवाल्याकडे दिली. त्यानेही 'दम' वाचून विचारलं, "मॅडम, आजाराचं आहे का?" मी म्हटलं, "नाही. जसं आहे तसं लावा." 'लेखकाच्या आग्रहावरून' हा समासातला शेरा मी काढून टाकला आहे. आता तो शब्द माझ्याही आग्रहावरून आहे. शेवटच्या पानावर माझ्या लाल प्रश्नचिन्हापुढे मी संदर्भ लिहिला: लेखक स्वतः, आणि रामाजी, आसगाव, जे त्याच्या मागे होते. तुझ्या मजकुरातलं 'एकटेच' मी खोडलं नाही. तो तुझा शब्द आहे. तळटीप दिली की हे चूक आहे. मेलेल्या भावाची चूक काढली म्हणून कोणी मला नावं ठेवली तर ठेवू देत. तू जिवंत असतास तर यावर अजून तीन रविवार भांडलो असतो, आणि या वेळी मी हरले नसते, कारण या वेळी माझ्याकडे साक्षीदार होता.

मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. ती तळटीप तू वाचणार नाहीस. रामाजींचं तू ऐकलं नाहीस, पण छापलेलं, संदर्भासहित, माझ्या हातचं तू मानलं असतंस. कागदावर आलं की तू मानायचास. एका आठवड्याने उशीर झाला, दादा, आणि त्या उशिराला मी दम म्हणणार नाही.

आता वाचणाऱ्यांना सांगते. माझा भाऊ त्या दारातून धावला तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतर त्याचं लग्न झालं, त्याला दोन मुली झाल्या. मी बाळंतपणात अडले तेव्हा रक्त द्यायला तो भंडाऱ्याला आला. सासरी माझी नोकरी सोडवायचं ठरलं तेव्हा तो सिहोऱ्याला येऊन ओसरीवर बसला आणि 'नंदा कामावर जाईन' एवढं एकच वाक्य संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला. दमा झालेल्या म्हाताऱ्यांना त्याने फळ्यावर तोफगोळा शिकवला. हे सगळं त्या दाराच्या बाहेरचं आहे. गोळा फुटला असता आणि तो आत बसून राहिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

हवालदार धावला असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं. मोठ्याने म्हणावं, पुस्तकातच छापलं आहे. त्यात लाज आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्याकडे यावं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी गावभेटीला असते. बाकी दिवशी चारनंतर घरीच असते.